पेठ-सुरगाण्यातल्या डॉक्टरांना संशोधनात मार्गदर्शन: रचना कशी करावी?

पंचवटीकर
पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतले सहा वैद्यकीय अधिकारी क्षयरोगाच्या नोंदींवर अभ्यास करायला तयार आहेत. नाशिकमधून मार्गदर्शन करणारे दोघेच. कार्यशाळेनंतर महिनाभर उत्साह टिकतो, लेख मात्र पूर्ण होत नाहीत. काय बदलावं?

नोंदवही
आधी सहाऐवजी तिघांना घ्या. दोघा मार्गदर्शकांना एवढंच नीट झेपतं, कारण एका लेखाचे सात-आठ मसुदे ओळीओळीने वाचावे लागतात.

2009 पासून चालणाऱ्या ‘सॉर्ट इट’ या संशोधन-प्रशिक्षण कार्यक्रमाची रचना बघा. प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), डेटा, लेखन असे तीन टप्पे आणि प्रत्येकाची पक्की तारीख. तारीख चुकली तर पुढच्या टप्प्यात प्रवेश नाही. शेवटच्या टप्प्यानंतर चार आठवड्यांत लेख जर्नलकडे गेलाच पाहिजे. कडक वाटेल, पण ओपीडी आणि लसीकरण सांभाळणाऱ्या माणसाकडून ‘सवडीने द्या’ म्हटलेलं काम कधीच येत नाही.

डेटा गोळा करण्याआधी रिकामे तक्ते मागा: ओळी, रकाने, शीर्षक, फक्त आकडे नाहीत. मग रजिस्टरमधल्या 30 नोंदी तपासायला लावा. मधुमेहाच्या तपासणीचा रकाना निम्म्या ठिकाणी कोरा निघाला तर प्रश्न तिथेच बदला. चार महिन्यांनी कळलं तर सगळी मेहनत वाया.

गोदाकाठ
नमुन्याचा आकडा, म्हणजे किती नोंदी घ्यायच्या ते, मार्गदर्शकाने तयार देऊ नये, समोर बसून काढून घ्यावा. अंदाजे प्रमाण 20 टक्के आणि चूक ±5 टक्के धरली तर 4 × प्रमाण × (100 − प्रमाण) ÷ चुकीचा वर्ग, म्हणजे 4×20×80÷25 = 256. स्वतः काढलेला आकडा एथिक्स कमिटीपुढे (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) सांगता येतो.

जुन्या नोंदी वापरल्या तरी एथिक्स कमिटीची मंजुरी लागतेच. रुग्णांच्या संमतीतून सूट हवी असेल तर ती अर्जातच मागा. जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांची परवानगी वेगळी. परदेशी संस्था सोबत असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा टप्पाही वाढतो.

पंचवटीकर
लेखकांचा क्रम कधी ठरवायचा? तिथेच कुरबुर होते.

नोंदवही
प्रोटोकॉलच्या पहिल्या पानावर, सह्यांसह. पहिलं नाव तालुक्यातल्या डॉक्टरचंच. मार्गदर्शकाने इंग्रजी सुधारताना अख्खा परिच्छेद स्वतः लिहून टाकू नये. कडेला शेरा द्यावा आणि दुरुस्ती त्यांच्याकडूनच करून घ्यावी. वेळ दुप्पट जातो, पण पुढचा प्रोटोकॉल ते स्वतः लिहितात. दुसऱ्या तुकडीत यांच्यातल्याच एकाला सहमार्गदर्शक करा, म्हणजे उरलेल्या तिघांचीही सोय होईल.