मदत हवी आहे: १३ वर्षांच्या फुटबॉलपटूला इतक्या उड्या झेपतात का?

लेक विंगला खेळतो. गेल्या सहा महिन्यांत पाच सेंटीमीटर वाढलाय. त्याची आणि त्याच्या पायांची अजून नीट ओळख व्हायचीय, असं आजी म्हणते.

दोन महिन्यांपासून कोचनी प्लायोमेट्रिक, म्हणजे झटपट उड्यांचे व्यायाम, सुरू केलेत. आठवड्यातून चार दिवस, आणि तेही दीड तास खेळून झाल्यावर. गुडघ्याएवढ्या खोक्यावरून खाली उडी, लगेच वर उडी, असे बाराचे आठ सेट. मग ४० मीटरच्या आठ धावा, मध्ये दम खायला जेमतेम वीस सेकंद. हेतू कळतो: ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावला की स्प्रिंगसारखा जोर देतो आणि पहिल्या चार पावलांत तोच कामाला येतो. पण काल मी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. पहिल्या सेटला पोरगा चवड्यांवर, जवळपास बिनआवाज उतरत होता. सहाव्या सेटला धप्प! टाचांवर, आणि दोन्ही गुडघे आत वळून एकमेकांना टेकलेले.

शिवाय उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला, दाबलं की दुखतं. विचारलं तर "काही नाही रे बाबा". संघाबाहेर बसवतील ही धास्ती.

सगळंच बंद करू का? आणि कोचना सांगू कसं? माझं फुटबॉल शाळेत गोलात उभं राहण्यापुरतं.

प्रतिसाद १
आधी दुखणं. वाढीच्या वयात तिथलं हाड कच्चं असतं आणि मांडीचा पुढचा स्नायू नेमका तिथेच ओढ देतो. त्या दुखण्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. तुमच्याकडे तेच आहे का, हे ऑर्थोपेडिकने हात लावून ठरवायचं, आपण नाही. तोवर खोकं बंद.

उड्या वाईट नाहीत हो, वेळ आणि मात्रा चुकलीय. वॉर्मअपनंतर लगेच, पाय ताजे असताना, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास. सुरुवातीला जमिनीवरच्या छोट्या उड्या, दिवसाला साठेक पुरे. त्याही आधी नुसतं उतरायला शिकवा: उतरलं की दोन सेकंद पुतळा. आवाज झाला तर ती उडी मोजायची नाही.

धावा १०-२० मीटरच्या, मध्ये दीड-दोन मिनिटं पूर्ण विश्रांती. वीस सेकंदांत पुन्हा पळवलं तर दमसास वाढेल, वेग नाही.

प्रतिसाद २
मी याच वयाची मुलं शिकवते. कोचना "चुकताय" म्हणू नका. पहिला आणि सहावा सेट शेजारी शेजारी लावून पाठवा आणि गप्प बसा. फिफाचा '११+ किड्स' वॉर्मअपही सुचवा. तो १४ वर्षांखालच्यांसाठीच आहे, त्यात उडी मारून नीट उतरणं येतं. आयता असल्यामुळे कोचचा मानही राहतो.

धागाकर्ता
दोघांचे आभार. शुक्रवारची डॉक्टरांची वेळ मिळालीय. व्हिडिओ कोचना पाठवला, निळ्या टिक आल्यात म्हणजे पाहिलाय, पण उत्तर नाही. लेक सकाळपासून जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून उड्या मारून पुतळा होतोय. त्याला आता दुखणं बरं होईपर्यंत थांब म्हणून कोणी सांगायचं?