एज ऑफ एम्पायर्स २ : अधिकृत पॅचवर थांबावे की चाहत्यांचा पॅचही घालावा?

जुनी_सीडी :
नमस्कार. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा संगणकावरचा युद्धखेळ आणि त्याचा २००० सालचा ‘द कॉन्करर्स’ हा विस्तार, या दोन्हींच्या मूळ सीडी माझ्याकडे अजून शाबूत आहेत. विंडोज ७ असलेल्या जुन्या लॅपटॉपवर खेळ चालतो, मात्र गवताचे आणि पाण्याचे रंग भलतेच दिसतात. टास्क मॅनेजरमधून ‘एक्सप्लोरर’ बंद केले की ते ताळ्यावर येतात, पण दर वेळी हा उपद्व्याप नकोसा होतो.

दिवाळीत मावसभाऊ घरी येणार आहे आणि आम्हाला घरच्या नेटवर्कवर खेळायचे आहे. माझ्याकडे कंपनीचा शेवटचा, म्हणजे १.०सी हा पॅच (खेळातल्या चुका सुधारणारी भर) आहे. त्याने चाहत्यांनी तयार केलेला युजरपॅच १.५ घातला आहे आणि मीही तो घालावा असा त्याचा आग्रह आहे. मागच्या खेपेला त्याच्याकडे कुठलासा मॉड (खेळाचे नियम किंवा रूप बदलणारी चाहत्यांची भर) असल्यामुळे आमचा डाव वीस मिनिटांतच ‘आउट ऑफ सिंक’ होऊन, म्हणजे दोन्ही संगणकांवरचा खेळ जुळेनासा होऊन, बंद पडला होता, त्यामुळे मी साशंक आहे. कंपनीने न केलेला बदल स्वीकारल्यावर तो मूळ खेळ उरतो का?

तटबंदी :
युजरपॅच १.०सीची जागा घेत नाही, तो १.०सीच्या पायावरच उभा आहे. शिवाय खेळ सुरू करण्यासाठी तो आपली स्वतंत्र फाइल तयार करतो, त्यामुळे तुमचा जुना खेळ जसाच्या तसा राहतो आणि नको वाटल्यास जुन्याच फाइलने तो सुरू करता येतो.

तुमच्या रंगांच्या तक्रारीचे निवारण या पॅचमध्ये आहे. ते कंपनीच्या पॅचमध्ये असणे शक्यच नव्हते, कारण खेळ घडवणारा एन्सेम्बल स्टुडिओज २००९च्या जानेवारीत बंद झाला आणि विंडोज ७ बाजारात आले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.

डाव बंद का पडला, हे मात्र नीट समजून घ्यावे. हा खेळ २८.८ किलोबिटच्या मोडेमवरही चालावा अशा बेताने रचलेला आहे. शेकडो सैनिक कुठे उभे आहेत आणि कोणाला किती इजा झाली हे सारे तारेवरून पाठवणे त्या वेगात परवडणारे नव्हते, म्हणून खेळाडूंनी दिलेल्या आज्ञा तेवढ्या पाठवल्या जातात आणि प्रत्येक संगणक त्याच आज्ञांवरून संपूर्ण लढाई आपल्यापुरती नव्याने मांडतो. दोन्हीकडे नियम तंतोतंत सारखे असतील तरच दोन्ही लढाया जुळतात. एका बाजूला तिरंदाजाचा पल्ला एका घराने वाढवलेला असेल, तर त्याचा बाण तिथे लागतो आणि दुसरीकडे लागत नाही. तिथून पुढे दोन्ही संगणक दोन निरनिराळी युद्धे लढू लागतात आणि ताळा चुकल्याचे लक्षात येताच खेळ थांबतो. हे मॉडमुळेच होते असे नाही, अधिकृत पॅचच्या दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांमध्येही हेच होईल.

उंटस्वार :
वरील स्पष्टीकरण मान्य आहे, पण युजरपॅचला निव्वळ दुरुस्ती म्हणणे मला पटत नाही. मूळ खेळात लोकसंख्येची मर्यादा २०० होती, या पॅचमध्ये ती १००० पर्यंत नेता येते. रंग सुधारणे ही डागडुजी झाली, परंतु पाचपट सैन्य म्हणजे घरावर आणखी मजले चढवणे आहे. तो पर्याय ऐच्छिक आहे हे खरे, म्हणून माझी हरकत फक्त शब्दापुरती आहे.

मूळ खेळ उरतो का, हा प्रश्न मात्र कंपनीलाही विचारायला हवा. २०१३मध्ये या खेळाची एचडी आवृत्ती आली आणि त्याच वर्षी ‘द फरगॉटन’ हा अधिकृत विस्तार विक्रीस आला. तो मुळात ‘फरगॉटन एम्पायर्स’ नावाचा चाहत्यांचा मॉड होता आणि या खेळात ‘इंडियन्स’ हे राज्य सर्वप्रथम आणले ते त्याच मॉडने. आदल्या वर्षी जो मॉड होता तो पुढच्या वर्षी अधिकृत ठरला. पुढे २०२२च्या एप्रिलमध्ये, नंतरच्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ या आवृत्तीत, ‘डायनेस्टीज ऑफ इंडिया’ या विस्ताराबरोबर त्या राज्याचे ‘हिंदुस्तानीज’ असे नामांतर झाले, बेंगॉलीज, ड्रॅविडियन्स आणि गुर्जराज ही राज्ये वेगळी निघाली, आणि तोवर इंडियन्सचे खास असलेले हत्तीवरचे तिरंदाज इतरांनाही मिळू लागले. बदल चांगला होता, पण तो विस्तार विकत न घेणाऱ्यांच्या खेळातूनही जुने इंडियन्स गेले. मॉड आवडला नाही तर काढून टाकता येतो. आपोआप उतरणाऱ्या अधिकृत पॅचबाबत तशी सोय क्वचितच असते.

सहावा_चौकोन :
‘सिव्हिलायझेशन ४’ हा संगणकावरचा दुसरा डावपेचांचा खेळ खेळणाऱ्यांनी हा वाद फार पूर्वीच अनुभवला आहे. २००७ साली ‘बियाँड द स्वॉर्ड’ या विस्तारासाठी ३.१३ हा पॅच आला आणि त्यात काही चुका राहून गेल्या. कंपनीची वाट न पाहता एका जाणकार खेळाडूने त्यावर अनधिकृत पॅच काढला आणि त्यातल्या अनेक दुरुस्त्या पुढे २००८च्या अधिकृत ३.१७मध्ये समाविष्ट झाल्या. हे जमले, कारण खेळाच्या नियमांचा मूळ प्रोग्राम कंपनीने २००६मध्येच खुला केला होता. नियम कसा लिहिला आहे हे वाचता आले, तरच तो चुकला आहे की मुद्दाम तसा ठेवला आहे हे ठरवता येते, आणि खरी भांडणे नेहमी याच ठिकाणी होतात. एखाद्या चालीचा अतोनात फायदा मिळत असेल तर हरणाऱ्याला ती चूक वाटते आणि जिंकणाऱ्याला कौशल्य. यात मी स्वतः दोन्ही बाजूंनी बोललेलो आहे.

माझा पायंडा असा आहे की आधी शेवटचा अधिकृत पॅच घालायचा, मग दुरुस्तीपुरता अनधिकृत पॅच, आणि मॉड सर्वांत शेवटी, तोही नवा डाव मांडतानाच. अर्धवट डावात मॉड बदलला की जुना सेव्ह (साठवून ठेवलेला डाव) पुष्कळदा उघडत नाही.

जुनी_सीडी :
सर्वांचे आभार. आज युजरपॅच घालून पाहिला. रंग ठीक आहेत आणि जुना १.०सीसुद्धा पूर्वीप्रमाणेच सुरू होतो. लोकसंख्या २०० वरच ठेवण्याचे भावाने कबूल केले आहे. त्याच्या लॅपटॉपवरचा मॉड काढून टाकायचा, की माझ्याकडचा सगळा फोल्डर उचलून त्याच्याकडे ठेवायचा?

तटबंदी :
फोल्डरच द्यावा. मॉडने नेमक्या कोणत्या फाइली बदलल्या हे शोधत बसण्यापेक्षा ते सोपे आहे. त्याचा जुना फोल्डर मात्र पुसू नका, नुसते नाव बदलून बाजूला ठेवा.