डोस, मात्रा की खुराक? पालकांच्या पुस्तिकेसाठी शब्द हवा आहे

अनुवादवही
रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक पुस्तिका मराठीत करते आहे. बाकी मजकूर मार्गी लागला, पण 'डोस'पाशी अडले आहे. वॉर्डात 'चार डोस झाले, दोन राहिले' म्हणतात तेव्हा डोस म्हणजे केमोची अख्खी फेरी. डॉक्टर 'डोस कमी केलाय' म्हणतात तेव्हा त्यांना एका वेळचं औषधाचं प्रमाण सांगायचं असतं. मसुदा एका आईला वाचायला दिला होता. 'पेशी उतरल्या तर पुढचा डोस कमी केला जाऊ शकतो' हे वाचून ती म्हणाली, 'म्हणजे एक केमो वाचेल ना?' वाचणार नव्हती. फेऱ्या तेवढ्याच राहणार होत्या, औषध तेवढं कमी होणार होतं.

या आजारात हा फरक फार मोठा आहे. केमोतलं एकटं मेथोट्रेक्झेट हे औषध घ्या. शेवटच्या लांबलचक टप्प्यात ते तोंडाने आठवड्यातून एकदा, अंगाच्या दर चौरस मीटरला २० मिलिग्रॅम. काही उपचारपद्धतींत तेच शिरेतून २४ तासांत दर चौरस मीटरला ५ ग्रॅम, म्हणजे अडीचशे पट. आणि पाठीतून द्यायचं तर तीन वर्षांच्या पुढच्यांना सरसकट १२ मिलिग्रॅम. तीन वाटा, तीन हिशेब. तिन्हीकडे 'डोस'च लिहू? संपादकांना 'मात्रा' हवं आहे. हिंदी पत्रकात 'खुराक' छापलंय. तुम्ही काय लिहाल?

तत्समप्रेमी
मात्रा. यात विचार करण्यासारखं काही नाही. 'मा' म्हणजे मोजणे, त्यावरून मात्रा. मोजलेलं प्रमाण एवढाच अर्थ. 'डोस' मूळ ग्रीक 'दोसिस', म्हणजे देणे. आपल्या 'दा' धातूचंच ते भावंड. म्हणजे त्या शब्दात मोजमाप नाहीच, नुसतं देणं आहे. म्हणून तर लोक तो फेरीलाही लावतात. 'खुराक' फारसी, खाण्यावरून आलेला. शिरेतून चढणाऱ्या औषधाला खुराक म्हणणं कोणत्याही भाषेत बसायचं नाही.

वऱ्हाडची लेक
अहो, खुराक म्हटलं की आमच्याकडे तूप, बदाम आणि तालमीतली पोरं. ते सोडाच. पण 'मात्रा' लिहू नका ताई, हात जोडून सांगते. माझ्या भाच्याला हाच आजार होता. डॉक्टरीण बाई अगदी शुद्ध बोलायच्या. 'उद्यापासून मात्रा वाढवू' म्हणाल्या आणि सासूबाई कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून बसल्या. त्यांच्या माहेरी माणूस जायला लागला की मात्रा उगाळून जिभेला लावत. त्यांना वाटलं, पोराचं संपत आलं. दोन दिवस जेवल्या नाहीत. शेवटी नर्सने 'आजी, गोळी अर्धी होती ती आता पाऊण' असं हातावर ठेवून दाखवलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. भाचा आता कॉलेजात जातो.

सहाण
ताईंचं अगदी खरं. ती हेमगर्भाची मात्रा. आमच्या शास्त्रात मात्रा म्हणजे प्रमाणही आणि मात्रा म्हणजे औषधही, विशेषतः भस्मांची, रसांची. घरोघरी दुसराच अर्थ रुजला. 'मात्रा लागू पडली', 'त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही' यांत कुठे मोजमाप आहे? तत्समप्रेमी म्हणतात तो अर्थ कोशात आहे, जिभेवर नाही.

आणि मोजमापाला घरचा शब्द हवाच असेल तर 'वेढे' आठवा, सहाणेवर उगाळायचे फेरे. बाळगुटीत हळकुंडाचा एक वेढा, मुरुडशेंगेचा एक वेढा, हिरड्याचे दोन. बाळ महिन्याचं झालं की एक वाढवायचा. आजीला वजनकाटा लागत नव्हता, पण प्रमाण वयाला बांधलेलं होतं.

औषधपेठ
सहाणकाका, तुम्ही नकळत या विषयातल्या एका महत्त्वाच्या संशोधनाला हात घातलात. केमोचं प्रमाण अंगाच्या क्षेत्रफळावर ठरवावं हे डोनाल्ड पिंकेल यांनी १९५८ मध्ये मांडलं. तेच पिंकेल पुढे मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. क्षेत्रफळ काढायचं ड्यू बॉइस यांचं सूत्र त्याहून जुनं, १९१६ चं, आणि ते अवघ्या नऊ माणसांच्या मापांवर बेतलेलं. तरी जगभर चाललं.

पाठीतल्या मेथोट्रेक्झेटला मात्र क्षेत्रफळाचा हिशेब गैरलागू ठरला. मेंदू आणि कण्याभोवतीचं पाणी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास मोठ्या माणसाइतकं होत येतं, अंग तेवढं व्हायला पुढे कितीतरी वर्षं लागतात. पूर्वी दर चौरस मीटरला १२ मिलिग्रॅम असा हिशेब होता. तीन वर्षांच्या मुलाचं क्षेत्रफळ साधारण ०.६ चौरस मीटर, म्हणजे त्याला सात मिलिग्रॅमच मिळायचं. लहानग्यांना कमी पडायचं आणि थोरांना जास्त होऊन त्रास व्हायचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत आर्ची ब्लायर यांनी हे उकलून वयाचा तक्ता दिला : वर्षाच्या आतल्या बाळाला ६, एक वर्षाच्याला ८, दोन वर्षांच्याला १०, तीन आणि पुढे १२ मिलिग्रॅम. मुलांमध्ये मेंदूकडे आजार परतण्याचं प्रमाण घटलं आणि मोठ्यांचा त्रासही.

म्हणून माझं मत : शब्द कोणताही घ्या, पण 'कशाच्या हिशेबाने' हे शेजारी लिहा. 'अंगाच्या मापाने', 'वयाने', 'रक्तातल्या पेशी पाहून'.

अनुवादवही
हे फार कामाचं. पण 'अंगाच्या मापाने' वाचून कपड्याचं माप डोळ्यांपुढे येणार नाही ना? 'क्षेत्रफळ' म्हटलं की लोकांना जमीन दिसते.

वऱ्हाडची लेक
दिसू द्या जमीन. एकरी किती खत टाकायचं हे आमच्याकडे प्रत्येकाला कळतं. 'दर चौरस मीटरला इतकं' हे शेतकऱ्याला शहरातल्यापेक्षा लवकर समजेल.

तत्समप्रेमी
म्हणजे रुग्णाच्या शरीराला शेत म्हणायचं, पण मात्रा म्हणायचं नाही? अपसमज होतो म्हणून चांगला शब्द टाकून द्यायचा ठरवलं तर उद्या 'प्रमाण' आणि 'परिणाम'ही जातील. शब्द वापरून रुळतो. 'संगणक' पण कुणाला कळत नव्हता.

सहाण
संगणक न कळल्याने कुणी दोन दिवस उपाशी राहिलं नव्हतं. शब्द रुळवायला वर्तमानपत्र आहे, पाठ्यपुस्तक आहे. आजारी पोराच्या उशाशी ठेवायच्या पुस्तिकेत तो प्रयोग नको.

औषधपेठ
'वाढवणे' आणि 'कमी करणे' यांचाही विचार करा. आपल्याकडे समज असा की औषध वाढवलं म्हणजे डॉक्टर मनावर घेताहेत, कमी केलं म्हणजे आशा सोडली. संशोधन तसं सांगत नाही. मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीवर टेमोझोलोमाइड देतात : किरणांबरोबर रोज दर चौरस मीटरला ७५ मिलिग्रॅम, नंतर २८ दिवसांतले पाच दिवस १५० ते २००. पाचऐवजी २१ दिवस दिलं तर गुण येईल का, याची मोठी चाचणी झाली. आयुष्य वाढलं नाही, त्रास वाढला. उलट ब्रिटनमधल्या २००३ च्या बालरक्तकर्करोगाच्या चाचणीत, सुरुवातीच्या उपचारांनंतर ज्यांच्या मज्जेत आजाराचा मागमूस उरला नव्हता अशा मुलांना नंतरच्या जड टप्प्याच्या दोनऐवजी एकच फेरी दिली. निकालात लक्षणीय फरक पडला नाही. तिथे मात्र खरोखरच 'एक केमो वाचली'. ताईंच्या मसुद्यात या दोन्ही गोष्टी वेगळ्या शब्दांत याव्यात.

मर्कॅप्टोप्युरिन तर रोज घ्यायचं आणि पेशी पाहून वरखाली करायचं औषध. काहींच्या शरीरात ते मोडणारं टीपीएमटी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मतःच नसतं. त्यांना नेहमीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने सुरुवात करतात, तेही आठवड्यातून तीनदा. अशा मुलाच्या घरी 'डोस कमी' म्हणजे 'उपचार कमी' वाटलं तर आईवडील काळजीने खचतील. त्या मुलाला तेवढंच पुरतं.

वऱ्हाडची लेक
तीच पिवळी गोळी ना? ५० मिलिग्रॅमची. आम्ही ब्लेडने चार तुकडे करायचो. एक मोठा, एक चुरा. कोणता पाव आणि कोणता अर्धा, देव जाणे.

औषधपेठ
हो, तीच. आता त्यावर मुंबईतल्या टाटा मेमोरियलने आणि खारघरच्या त्यांच्या संशोधन केंद्राने बंगळुरूच्या कंपनीबरोबर पाण्यात कालवून द्यायचं पातळ औषध तयार केलंय. एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, सोबत तोंडाने द्यायची सिरिंज. २०२५ मध्ये ते जाहीर झालं. ताई, पुस्तिकेत 'गोळी पाऊण' बरोबर 'इतके मिली' हेही घ्यावं लागेल.

शाळामास्तर
उशिरा येतोय, पण मघाशी 'मज्जेत मागमूस उरला नाही' वाचून थबकलो. पुस्तिकेत 'मज्जा' किती ठिकाणी आहे? अस्थिमज्जा म्हणजे हाडातला मगज, जिथे हा आजार सुरू होतो. आणि वर्तमानपत्रं 'मध्यवर्ती मज्जासंस्था' लिहितात ती मेंदू आणि कण्यातल्या दोरीसाठी. 'मज्जेत आजार नाही, मज्जासंस्थेत आहे' असं वाक्य पालकांनी कसं वाचायचं? आम्ही वर्गात आता चेतासंस्था आणि मेरुरज्जू शिकवतो. तेच घ्या.

अनुवादवही
बाप रे. सतरा ठिकाणी तरी असेल. मी 'मज्जासंस्था'च ठेवलंय.

सहाण
मज्जा सात धातूंपैकी सहावा, हाडाच्या आतला. कवटीही हाडच, तिच्या आतला मऊ भाग म्हणून मेंदूचं नातं मज्जेशी जोडलं गेलं असावं, आणि तिथून मज्जातंतू, मज्जारज्जू. माझी आपली ही जोडणी. शब्द वाईट नाही, जुना आहे.

तत्समप्रेमी
आणि 'चेता' कुठल्या घरात बोलतात? मास्तर, आत्ताच मंडळी मला सांगत होती की पुस्तिकेत प्रयोग नको.

शाळामास्तर
चेता घरात बोलत नाहीत, मान्य. पण तो दुसऱ्या कशाशी गोंधळत नाही. दहावीतल्या भावंडाला वाचता येतो, आणि पुष्कळ घरांत असली पत्रकं तेच वाचून दाखवतं.

वऱ्हाडची लेक
'मेंदू आणि पाठीचा कणा' लिहा की. आम्हाला 'पाठीतलं पाणी काढायचंय' एवढंच सांगायचे आणि ते कळायचं.

औषधपेठ
'पाठीतलं' हा शब्द तर ठळक छापा. व्हिन्क्रिस्टीन, जे आपल्या सदाफुलीपासून मिळतं, ते फक्त शिरेतून. पाठीत गेलं तर जिवावर बेततं. म्हणून नुसतं 'इंजेक्शन' कुठेही लिहू नका. 'शिरेतलं' की 'पाठीतलं' हे प्रत्येक वेळी हवं.

तत्समप्रेमी
बरं, शिरेतल्या त्या मोठ्या मेथोट्रेक्झेटनंतर त्रास आवरायला ल्युकोव्होरिन देतात त्याला काय लिहिलंय? तिथे तरी 'उतारा' हा आपला अस्सल शब्द घ्याल ना?

औषधपेठ
तिथेही अडचण आहे. उतारा विषाचा जोर मोडतो. ल्युकोव्होरिन मेथोट्रेक्झेटला हात लावत नाही. मेथोट्रेक्झेटने अडवलेलं फोलेट, म्हणजे पेशींना लागणारं एक जीवनसत्त्व, ते वळसा घालून निरोगी पेशींना पोचवतं. औषधाचेच तुकडे करणारं ग्लुकार्पिडेझ वेगळं, अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळालेलं. खरा उतारा ते.

वऱ्हाडची लेक
आणि उतारा म्हटलं की आमच्याकडे लिंबू-नारळ ओवाळून तिठ्यावर ठेवतात तो. पालक तोही करतातच, त्यांना बोल लावू नका, पण पुस्तिकेत तो शब्द आला तर लोक म्हणतील डॉक्टरांनीच सांगितलंय.

सहाण
विंचवाच्या विषावरचा उतारा आधीचा की ओवाळून टाकायचा आधीचा? मला वाटतं मूळ क्रिया 'उतरवणे' एकच, चढलेलं विष काय आणि लागलेली दृष्ट काय.

तत्समप्रेमी
मग सातबाराचा उतारा कुठून आला? तो 'उतरवून घेणे', नक्कल करणे यावरून. दोन वेगळे शब्द आहेत, एका मुळाशी बांधू नका.

अनुवादवही
उताऱ्यासाठी वेगळा धागा काढूया का? मी सध्या 'एका वेळचं औषध' आणि 'केमोची फेरी' असे दोन शब्द धरून पहिली तीन पानं पुन्हा लिहिते आहे. मज्जेचं अजून ठरत नाही. मास्तर, 'चेतासंस्था' पहिल्यांदा येईल तिथे 'मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या नसा' असं लिहिलं तर शास्त्राला धरून होईल का? आणि नस म्हटलं की लोक रक्तवाहिनी समजतात, त्याचं काय करू?