मदत हवी आहे: शॅकल बदलल्यापासून जिप्सीचा मागचा प्रोपेलर शाफ्ट थरथरतोय, पाचर घालू का?

मंडळी, गाडी 2008 ची जिप्सी, 1.3 पेट्रोल. वडिलांनी जपलेली, आता माझ्याकडे आहे. दिवाळीत मागचे शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) आधीपेक्षा 2 इंच जास्त लांब बसवले. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला, त्यामुळे गाडी उचलली जेमतेम 1 इंच. पण तेव्हापासून ताशी 55 ते 65 ला सीटखालून थरथर येते. गिअर कुठलाही असो, वेग तोच. क्लच दाबला तरी थांबत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की कमी होते, सोडला की वाढते. चाकांचं बॅलन्सिंग करून झालंय.

रविवारी चाकांना दगड लावून खाली शिरलो. ट्रान्स्फर केसकडचा (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) क्रॉस, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वळता सांधा, घट्ट आहे. डिफरन्शियलकडच्या (मागच्या ॲक्सलमधला गिअरचा गोळा) क्रॉसच्या एका कपाच्या (सुयांच्या बेअरिंगची टोपी) कडेला तपकिरीसारखी लालसर भुकटी दिसली. ग्रीस गन लावली तर तीन कपांतून ग्रीस बाहेर आलं, चौथा कोरडाच. उघडल्यावर त्या बाजूला सुयांच्या खाचा नखाला लागत होत्या. ओढ्यातून गाडी काढल्यावर प्रत्येक वेळी ग्रीस मारायला हवं होतं, ते राहिलं. हा क्रॉस बदलतोच आहे. शाफ्ट काढण्याआधी सरकत्या जोडावर (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा) पांढरी रेघ मारली, म्हणजे दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) पुन्हा एका रेषेत बसतील.

खरी शंका कोनाची. गाडी सपाट जागी, चाकांवर उभी ठेवून फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात ती चकती) मोबाइल धरून मोजलं. ट्रान्स्फर केसचा फ्लँज मागे 3 अंश खाली झुकलाय, पिनियन (शाफ्ट डिफरन्शियलला जिथे जोडतो तो दांडा) मात्र जवळजवळ सपाट. दोन्ही समांतर नसतील तर शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात वेग दोनदा कमी-जास्त होतो, हे मला पटतं. जोर आला की पाटा पिळतो, पिनियनचं तोंड वर येतं, म्हणूनच तेव्हा थरथर कमी होत असावी.

गॅरेजवाले म्हणतात, शाफ्ट बॅलन्स करून आणा. पण शॅकल बदलण्याआधी हाच शाफ्ट शांत होता!

जिप्सीत ॲक्सल पाट्याच्या वर बसतो, म्हणजे पिनियनचं तोंड वर करायला पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये घालायच्या 3 अंशांच्या पाचरीची जाड बाजू पुढे यायला हवी. बरोबर ना? लोखंडी पाचर घ्यायचा विचार आहे. ॲल्युमिनियमची वापरून कुणाची पिचकली आहे का? सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट लांब लागले का? शिवाय चाक पूर्ण लोंबकळल्यावर सरकत्या जोडात स्प्लाइन (दातेरी भाग) किती आत राहायला हवी, ते कुणी मोजलं असेल तर जरूर सांगा. मागच्या सीटवर आई बसते, त्यामुळे काम नीट होईपर्यंत गाडी बाहेर काढणार नाही.