अर्जेंटिनाची १ पेसोची जुनी नोट: धुऊन इस्त्री केलेली नोट कशी ओळखावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी रत्नागिरीला राहतो आणि सहा वर्षांपासून परदेशी नोटा जमवतो. सध्या माझा सगळा जीव अर्जेंटिनाच्या १ पेसोच्या तांबूस नारिंगी नोटेत गुंतला आहे. तिच्या दर्शनी बाजूवर मानुएल बेल्ग्रानो आहेत, ज्यांनी १८१२ साली अर्जेंटिनाचा निळा-पांढरा ध्वज पहिल्यांदा उभारला. मागच्या बाजूला बारिलोचेजवळचा सरोवरांचा आणि डोंगरांचा परिसर व तेथील प्रसिद्ध हॉटेल आहे. त्या हॉटेलचे नाव वाचताना आपण सहज ‘ल्लाओ ल्लाओ’ म्हणून जातो, पण ब्युनोस आयरेसचे लोक त्याला ‘शाओ शाओ’ म्हणतात. वास्तुविशारद आलेहान्द्रो बुस्तिय्यो यांनी उभारलेली त्याची पहिली लाकडी इमारत १९३९ साली जळाली आणि पुढच्याच वर्षी ते पुन्हा बांधून उघडले गेले. हे कळल्यापासून ती मागची बाजू मी फार वेळ पाहत बसतो.

ही नोट दुर्मीळ मुळीच नाही, हे मला ठाऊक आहे. १८,१८८ क्रमांकाच्या कायद्याने १ जानेवारी १९७० पासून जुन्या १०० पेसोंचा एक नवा पेसो झाला आणि त्या नव्या मालिकेतली ही सर्वांत कमी किमतीची नोट होती. १९७४ पासून १ पेसोचे नाणेही आले. त्यानंतर महागाई अशी भडकली की १९८१ साली दहा लाख पेसोंची नोट काढावी लागली आणि १९८३ च्या जूनमध्ये चलनातली चार शून्ये उडवली, तेव्हा माझ्या या नोटेची किंमत नव्या पेसोच्या दहाहजाराव्या हिश्शाएवढी उरली. खर्च करण्याजोगे मोलच न राहिल्यामुळे ती आजही सहज आणि स्वस्तात मिळते. याच कारणाने तिच्या बाबतीत नोटेची स्थिती हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठरते. घड्या पडलेली नोट कुणी विचारत नाही आणि संग्रहात ठेवायची तर ती कोरी करकरीतच हवी.

माझी अडचण नेमकी इथे आहे. गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका प्रदर्शनात मी एका विक्रेत्याकडून अशा तीन नोटा ‘न वापरलेल्या’ म्हणून घेतल्या. दोन नोटा बोटांत धरून हलवल्या की कागद करकर वाजतो. तिसरी मात्र गप्प आहे. ती दिसायला सर्वांत सपाट आणि स्वच्छ आहे, पण रात्री दिवे घालवून टेबलाच्या कडेवरून तिरपा टॉर्च मारला, तेव्हा मधोमध एक पुसट उभी रेघ दिसली, जी सरळ प्रकाशात अजिबात दिसत नाही. अनुक्रमांकाच्या दोन आकड्यांची शाई भिंगाखाली किंचित पसरल्यासारखी वाटते. चित्रावरून बोट फिरवले, तर इतर दोन नोटांवर जाणवणारा शाईचा उठाव हिच्यावर जवळजवळ नाही. नोट धुऊन इस्त्री केली असावी, असा माझा संशय आहे. परत करण्याआधी तो पक्का करून घ्यावा, उगाच कुणावर आळ येऊ नये, असे वाटते. यासाठी घरच्या घरी करता येणारी, नोटेला इजा न होणारी आणखी कोणती चाचणी आहे?

दुसरा प्रश्न मांडणीचा आहे. या नोटांवर छपाईचे साल नसते. माझ्या एका नोटेवर ‘लेय १८,१८८’ (म्हणजे कायदा) असे आहे, तर दुसरीवर त्याच जागी ‘देक्रेतो-लेय १८,१८८/६९’ (म्हणजे वटहुकूम-कायदा) असे आहे. लष्करी राजवटीने काढलेला कायदा पुढच्या लोकनियुक्त सरकारने ‘वटहुकूम’ या नावाने उल्लेखिला, म्हणून मजकूर बदलला. दोन शब्दांत एका देशाचा राजकीय बदल मावला आहे आणि मला या नोटेची ओढ लागली ती त्यामुळेच. संग्रहात आधी या मजकुराप्रमाणे आणि मग नोटेवरच्या अधिकाऱ्यांच्या सह्यांप्रमाणे लावावे, की थेट सह्यांच्या जोड्यांप्रमाणे?

शेवटचे म्हणजे कोकणातला पावसाळा. माझ्या जुन्या आल्बमचे प्लॅस्टिकचे कप्पे चिकट झाले आहेत. तातडीने काय करावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपण वर्णन केलेल्या सगळ्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवतात. तरी दोन गोष्टी करून पाहा. अंधारात तिन्ही नोटा अतिनील दिव्याखाली शेजारी ठेवा. आजच्या कपडे धुण्याच्या पावडरीत पांढरेपणा आणणारी रसायने असतात. तिसरी नोट निळसर उजळली आणि इतर दोन मंद राहिल्या, तर ती धुतलेली आहे असे समजा. मग तिन्ही नोटा एकमेकींवर ठेवून कडा जुळवा, कारण फाटक्या कडा लपवण्यासाठी नोट कापलेलीही असू शकते. कोपरे भिंगाखाली पाहा. न वापरलेल्या नोटेचा कोपरा टोकदार असतो आणि इस्त्रीने घडी सपाट होते, पण झिजलेला कोपरा परत येत नाही. आपल्याकडच्या जुन्या गड्ड्यांतील नोटांना टाचणीची भोके असल्याने आपण ती सहज माफ करतो. ती सवय इथे लावू नका.

मांडणीसाठी आधी मजकूर आणि त्याच्या आत सह्या हाच क्रम सोयीचा, कारण मजकुरातला बदल कुणालाही वाचता येतो.

चिकट कप्पे पीव्हीसी या प्रकारच्या प्लॅस्टिकचे असावेत. त्यांतल्या नोटा आजच काढा, ओढून नव्हे, कप्पा कडेने कापून. नंतर त्या पॉलिएस्टरच्या पाकिटांत ठेवा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि डांबरगोळ्या जवळ आणू नका. लॅमिनेशनचा विचार तर मनातही नको.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. तिसरी नोट दिव्याखाली स्पष्ट निळी उजळली, शिवाय ती उरलेल्या दोघींपेक्षा उंचीला सुमारे एक मिलिमीटर कमी भरली. उद्या ती विक्रेत्याला दाखवून बदलून मागणार आहे. जुन्या आल्बममधल्या नोटा कप्पे कापून काढल्या. त्यांतल्या एकीच्या मागच्या बाजूची थोडी शाई प्लॅस्टिकला लागलेली आढळली. बाकीच्या सुरक्षित आहेत.