आतला माणूस कोसळला, तर तोंडाशी उभ्या असलेल्याने काय करायचं?

नवा अटेंडंट

गेल्या महिन्यापासून मला बंद टाक्यांच्या कामावर अटेंडंट म्हणून उभं करतात. मॅनहोलच्या तोंडाशी थांबायचं, आत कोण गेलं, बाहेर कोण आलं ते लिहायचं, आतल्याशी बोलत राहायचं. ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट दहा वेळा सांगितली: आतला माणूस पडला तरी तू उतरायचं नाही. वहीत लिहून घेतलं, पण मनाला पटत नाही. आत असतो तो माझ्या रोजच्या पाळीतला माणूस. आठ फूट खाली तो पडलेला दिसतोय, शिडी समोर आहे, आणि मी नुसता बघत राहू? श्वास रोखून उतरलो, काखेत हात घालून ओढला, तर मिनिटभराचं काम आहे.

आणखी एक. परवाची टाकी साध्या पाण्याची होती, लोखंडी, सहा महिने रिकामी आणि झाकण बंद. सुपरवायझर म्हणाले, यात गॅस कुठून येणार, हवा तपासायचा मीटर कशाला? मी अडून बसलो. मीटर येईपर्यंत अर्धा दिवस गेला आणि सगळे माझ्यावर वैतागले. माझं चुकलं का?

जुना फिटर

तुझं काहीही चुकलेलं नाही. गॅस बाहेरून यावाच लागतो असं नाही. लोखंड गंजतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन घेतं, आणि झाकण बंद असेल तर घेतलेला भरून निघत नाही. अशाच एका पाण्याच्या टाकीत मी मीटरची नळी सोडली होती. ऑक्सिजन तोंडाशी २०.८ टक्के, निम्म्यावर १७, तळाला १३. आत जायला किमान १९.५ टक्के लागतो. वास नाही, धूर नाही, टाकी अगदी स्वच्छ दिसत होती.

आणि यातली खरी भीती पुढेच आहे. दम कोंडल्यासारखं आपल्याला वाटतं ते ऑक्सिजन कमी झाल्यामुळे नाही, तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. अशा टाकीत तो उच्छ्वासाबरोबर नेहमीसारखा बाहेर पडत राहतो. म्हणून माणूस घाबरत नाही, हाक मारत नाही. पाना हातात असतानाच त्याचे पाय जातात.

आता श्वास रोखण्याचं. उद्या मोकळ्या जागेत करून बघ. श्वास रोख, शिडीवरून आठ फूट उतर, सत्तर किलोचा अंग सैल सोडलेला माणूस खांद्यावर घे आणि परत चढ. तो जमिनीवरून उचलतानाच तुझा श्वास सुटेल. बाहेर सुटला तर काही बिघडत नाही. टाकीत तोच श्वास तुझा शेवटचा ठरू शकतो.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. सांडपाण्याच्या खड्ड्यात पंप अडकला होता. हेल्पर उतरला आणि वाकला तो उठलाच नाही. त्याला काढायला दुसरा धावला. तो शिडीवरच होता, आपण काय करतोय याचं त्याला भान होतं. तिसऱ्या पायरीवर त्याचा हात होता आणि मी वरून बघत होतो. बोटं एकेक करून सुटली. मी शिडीवर एक पाय टाकला होता, तेवढ्यात मुकादमाने मागून कॉलर धरून मला ओढलं. मी त्यांना शिव्या दिल्या. अग्निशमन दलाची माणसं पाठीवर हवेचे सिलिंडर लावून उतरली, त्यांनी दोघांना काढलं. दुसरा वाचला, पहिला नाही. मी उतरलो असतो तर त्यांना तिसऱ्यालाही बाहेर काढावं लागलं असतं, एवढाच फरक पडला असता. कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्येच इशारा दिला होता की अशा जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. ते वाचलं तेव्हा मला मुकादमाचा हात आठवला.

तू नुसता बघत राहायचं नाहीस. आतल्याच्या अंगावर हार्नेस म्हणजे पट्ट्यांचा पट्टा, त्याला लावलेली वायर, तोंडावर ट्रायपॉड म्हणजे तिपाई आणि वायर गुंडाळून माणूस वर ओढणाऱ्या विंचचं हँडल तुझ्या हाताशी, हे सगळं तो उतरण्याआधी लागलेलं हवं. तो पडला की पहिली हाक मदतीला, लगेच विंच फिरवायला सुरुवात, आत ताजी हवा सोडणारा ब्लोअर चालूच. विंच नसेल तर त्याला उतरूच देऊ नकोस, तुझं भांडण तिथे कर. टाकीचं तोंड बाजूला असेल किंवा आत पत्र्याचे आडवे पडदे असतील, तर वायर अडकते. तिथे हवेचे सिलिंडर घेतलेली तयार टीम जागेवर हवी, फोनवर नको.

आणि चावी आण, पाना आण म्हणून कोणी पाठवलं तर हलायचं नाही.

मीटर सांभाळणारी

फिटरदादांच्या १३ वरून सांगते. ज्वलनशील गॅसचा नेहमीचा सेन्सर गॅस जाळून मोजतो, त्याला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन फार कमी असला तर गॅस असूनही आकडा कमी दिसतो. म्हणून आधी ऑक्सिजनचा आकडा वाचा, मग बाकीचे. नळी खाली सोडल्यावर लगेच वाचू नका, खालची हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. लांब नळीला जास्त. वर, मध्ये आणि तळाला प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. मीटर नेहमी बाहेरच्या स्वच्छ हवेत चालू करायचा. टाकीच्या तोंडाशी चालू करून शून्य केला, तर तिथली घाण हवाच तो चांगली धरतो.

"वास आला की बाहेर येऊ" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास अगदी थोड्या प्रमाणात कळतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला, असं माणसाला वाटतं.

आरगॉन वेल्डर

सकाळचं रीडिंग दुपारी धरू नका. आम्ही पाइपात आरगॉन वायू सोडून वेल्डिंग करतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, वास नाही. सुट्टीला वर येताना वेल्डिंगची टॉर्च आणि गॅसची नळी बाहेर काढा, सिलिंडर आत कधीच नको. परतल्यावर पुन्हा टेस्ट.

नवा अटेंडंट

काल श्वास रोखून बघितलं. आमचा हेल्पर अंग सैल सोडून पडला होता. मला तो गुडघ्यापर्यंतही उचलता आला नाही, त्याआधीच श्वास सुटला. आता पटलं.

आज टाकीवर विंचची चाचणी मागून घेतली. हेल्पर आत उतरला, लगेच वर ओढला. हूक छातीवरच्या कडीत होता, त्यामुळे तो मागे कलला आणि त्याची पाठ मॅनहोलच्या कडेला अडकली. वायरही एका बाजूने घासत होती. शुद्धीत होता म्हणून हाताने सावरून निघाला.

जुना फिटर

हीच चाचणी हवी होती. बेशुद्ध माणूस हाताने सावरत नाही. खांद्यांवर दोन कड्या असलेला हार्नेस मागव, त्यावर आडवी पट्टी लावली की माणूस सरळ उभा वर येतो. ट्रायपॉडची कप्पी तोंडाच्या बरोबर मध्यावर आण. घासलेल्या वायरवरून हातमोजा घालून हात फिरव, एक जरी तार तुटलेली लागली तर वायर बदल. हे होईपर्यंत परमिट, म्हणजे आत उतरायची लेखी परवानगी, तुझ्या खिशात राहू दे.