हाडामांसाचं फ्रेंच

इंग्रजी 'फ्लेश अँड ब्लड'ला (शब्दशः मांस आणि रक्त) फ्रेंचमध्ये काय म्हणतात, असं कुणीतरी विचारलंय. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ होतात आणि फ्रेंच त्यांना वेगवेगळ्या वाटेनं नेतं. पोटच्या पोराबद्दल बोलायचं तर 'ला शेर द मा शेर', माझ्या मांसाचं मांस. पण माणूस साक्षात समोर उभा असेल तर 'आँ शेर ए आँ नोस', म्हणजे मांसात नि हाडात. इंग्रजीला रक्त लागतं, फ्रेंचला हाड, आणि आपणही 'हाडामांसाचा माणूस'च म्हणतो! मला हे फार आवडतं.

कष्टांचंही तसंच. इंग्रज नुसतं रक्त घामावाटे गाळतो. फ्रेंच 'सुए साँ ए ओ' म्हणतो, रक्त आणि पाणी दोन्ही. आपल्या 'रक्ताचं पाणी करणं'च्या किती जवळ!

आता कोल्हापूरकर म्हणून रक्तीबद्दल बोलायलाच हवं. बकऱ्याचं रक्त गोठवून, त्याचे तुकडे कांदा आणि कांदा-लसूण चटणीत परततात, वरून कोथिंबीर. मटणाच्या ताटात ही वाटी नसेल तर आमच्याकडे जुनी मंडळी विचारतातच. फ्रान्समध्ये डुकराचं रक्त, चरबी आणि कांदा आतड्यात भरून शिजवतात, तो 'बुदँ न्वार'. त्यावरून वाक्प्रचारही आहे: एखादा बेत फुसका निघाला की तो 'आँ नो द बुदँ', बुदँच्या पाण्यात संपला म्हणायचं.

रक्तीवरून असं काही गडहिंग्लज, कागलकडे बोलतात का? कुणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा.